मुंबईचें दूरदर्शन केंद्र आणि आमचीं घरें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भिवंडी येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव म्हणजे केवळ दिवे लावून व तोरणें बांधून आनंद करण्याचा दिवस नव्हे. पवित्र शास्त्रांत जुबिलीचें जें वर्ष सांगितलें आहे तें हिशेबाचें वर्ष आहे. ऋण कोणाचें, वतन कोणाचें, कोण आपल्या घरापासून दुरावला आणि कोणास परत आणावयाचें, याचा त्या वर्षीं विचार होत असे. आपल्या धर्मग्रामाच्या वेदीचा, येथें सेवा करून गेलेल्या गुरुजनांचा आणि येथें नांदलेल्या कुटुंबांचा इतिहास या व्यासपीठावरून अधिकारी वक्ते सांगतीलच. आम्हीं मात्र आज निराळाच विषय घेतला आहे. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या घरांत एक पाहुणा आला. पाहुणा म्हणून आला तो घरधनी होऊन बसला. त्यानें आमच्या जेवणाच्या वेळा बदलल्या, बैठकीच्या खोलींतील आसनांचीं तोंडें आपल्याकडे वळविलीं, जपमाळेची वेळही मागून घेतली. आणि त्याबरोबरच पुष्कळ ज्ञान व पुष्कळ आनंदही दिला. त्याचें नांव दूरदर्शन. ज्या मुंबई केंद्रावरून तो भिवंडीस आला त्या केंद्राचा वृत्तांत सांगावा, आणि त्याचें आमच्याकडे काय येणें आहे व आमचें त्याच्याकडे काय, हा हिशेब मांडावा, एवढाच आमचा हेतु आहे.

दूर अंतरावरील वस्तु घरबसल्या पाहावी ही मनुष्याची इच्छा पुरातन आहे. आपल्या देशांतील आबालवृद्धांस संजयाची कथा ठाऊक आहे. परंतु जें कथेंत होतें तें यंत्रांत उतरावयास विसावें शतक उजाडावें लागलें. ता. २६ जानेवारी १९२६ रोजीं जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकानें लंडनमध्यें शास्त्रज्ञांपुढें हलतें चित्र दूर पाठवून दाखविलें. पुढें सन १९३६ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या बी. बी. सी. या संस्थेनें नियमित प्रक्षेपण सुरू केलें. आपल्या देशांत हा प्रयोग ता. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. एक लहानसें प्रक्षेपणयंत्र, तात्पुरता उभारलेला स्टुडिओ आणि आठवड्यांतील थोडके तास, एवढाच तो संसार होता. दररोजचें प्रक्षेपण तेथें १९६५ सालीं सुरू झालें. त्या आरंभीच्या काळांत दिल्लीच्या या खात्यांत काम करणाऱ्यांत आपले पु. ल. देशपांडे हेही होते, ही गोष्ट मराठी मनुष्यास अभिमानाची वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मुंबईस मात्र तेरा वर्षें वाट पाहावी लागली. चित्रपटांची ही राजधानी, नाटकांचें हें माहेरघर; येथें पडद्याची व रंगभूमीची विद्या पिढ्यान्पिढ्या नांदत होती; तरी घरांत येणारा पडदा तेवढा नव्हता. अखेर ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, मुंबई केंद्र सुरू झालें. दिल्लीनंतरचें हें देशांतील दुसरें केंद्र होय. त्यानंतर श्रीनगर व अमृतसर हीं केंद्रें १९७३ सालीं, आणि कलकत्ता, मद्रास व लखनौ हीं १९७५ सालीं उघडलीं. ज्या महात्म्यानें आयुष्यभर सत्याचा आग्रह धरिला त्याच्या जन्मदिनीं हें यंत्र लोकांच्या हातीं आलें, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. सत्य सांगणें ही त्या केंद्राची जन्मतिथीच त्याच्या कपाळीं लिहून गेली होती. पुढें तें व्रत किती पाळलें गेलें व किती मोडलें, हें आपण पाहूंच.

वरळीस या केंद्राचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. इतकी उंची कशाकरितां, असा प्रश्न मुलें विचारितात. त्याचें उत्तर भिवंडीकरांनीं अवश्य जाणावें. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. त्या डोंगराआड सहजासहजीं वळत नाहींत आणि पृथ्वीच्या गोलाईस अनुसरून फार लांब वांकतही नाहींत. म्हणून दिवा जितका उंच तितका उजेड लांब, हाच न्याय येथेंही लागतो. वरळीपासून भिवंडी हवाई अंतरानें सुमारे चाळीस किलोमीटर आहे. वाटेंत साष्टीचे डोंगर आहेत, ठाण्याची खाडी आहे. एवढें ओलांडून ती लहर येथील कौलांवर व गच्च्यांवर उभारलेल्या ॲल्युमिनिअमच्या दांड्यांनीं झेलावयाची. तो फणीसारखा दिसणारा ॲंटेना वाऱ्यानें फिरला कीं घरांतील चित्रास मुंग्या येत. मग एकानें वर चढावें, दुसऱ्यानें खिडकींतून ओरडावें, “थोडा डावीकडे, आणखी थोडा, आतां राहूं द्या!” हा संवाद त्या काळीं ज्याच्या कानीं पडला नाहीं असा वृद्ध भिवंडींत विरळा.

आणि तें चित्र तयार तरी कसें होई? येथें आम्हांस यंत्रमागाचाच दृष्टांत घेऊं द्या. कारण ज्या गांवीं अहोरात्र धोट्याचा आवाज कानीं पडतो तेथें याहून चांगला दृष्टांत मिळणार नाहीं. मागावर ताणा उभा असतो आणि धोटा बाण्याचा धागा आडवा टाकीत जातो. धाग्यास धागा लागून कापड होतें. जुन्या दूरदर्शनच्या कांचनळींतही असेंच होई. विद्युत्कणांची एक बारीक धार पडद्यावर डावीकडून उजवीकडे आडवी रेषा ओढी. ती संपली कीं पुढची ओढी. अशा ६२५ रेषा मिळून एक चित्र, आणि अशीं २५ चित्रें एका सेकंदांत. तेंही सलग नव्हे: आधीं एकाआड एक रेषा ओढून घ्यावयाच्या, मग मधल्या रिकाम्या जागा भरावयाच्या. म्हणजे सेकंदास पंधरा हजारांहून अधिक रेषांचें विणकाम चाले. आणि आमचा डोळा इतका भोळा कीं, त्यास धागा दिसत नसे, कापडच दिसे. या भोळेपणाचें भान ठेवावें. पडद्यावर जें अखंड सत्य म्हणून दिसतें तें कोणीतरी विणलेलें असतें. आणि विणणाऱ्याचा हात जसा असेल तसें कापड उतरतें.

आरंभीं प्रक्षेपण सायंकाळचे कांहीं तासच असे आणि चित्र कृष्णधवल असे. संच महाग होता. तो बाळगावयास परवाना लागे व त्याचें शुल्क पोस्टांत भरावें लागे. ही परवान्याची पद्धति १९८० नंतरच्या दशकांत रद्द झाली. त्यामुळें चाळींत किंवा आळींत एखाद्याच घरीं संच असे आणि तें घर सर्वांचें होई. दारांत चपलांचा ढीग पडे. पुढें मुलें, मागें बायाबापड्या, उंबरठ्यावर पुरुष अशी सभा भरे. घरच्या गृहिणीस त्या दिवशीं स्वयंपाक लवकर उरकावा लागे, पाण्याचे तांबे भरून ठेवावे लागत. जातपात व धर्म न विचारतां शेजारी शेजाऱ्याच्या घरीं बसे. आज घराघरांत संच आहे, माणसागणिक हातांत पडदा आहे. परंतु शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर बसण्याचा तो प्रसंग उरला नाहीं. आमच्या हिशेबवहींतील ही पहिली नोंद आपण ध्यानीं ठेवावी, कारण शेवटीं आम्हांस तिच्याकडेच परत यावयाचें आहे.

आतां त्या केंद्रानें काय दिलें तें सांगूं. डॉ. विश्वास मेहेंदळे हे मुंबई केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक. त्यांच्यामागून आलेले प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज कित्येक वर्षें महाराष्ट्राच्या संध्याकाळीं घुमत राहिला. स्मिता पाटील यांनींही पुढें चित्रपटांत कीर्ति मिळविण्यापूर्वीं याच केंद्रावरून बातम्या वाचिल्या. शेतकऱ्यांकरितां ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम होता. त्यांत खतें, बियाणें व जनावरांचे रोग यांविषयीं साध्या भाषेंत सांगितलें जाई, आणि शहरांतील माणसासही आपण खातों त्या भाकरीमागचे कष्ट दिसत. ‘गजरा’ या कार्यक्रमांत हास्याचीं फुलें गुंफिलेलीं असत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांत साहित्यिक व कलावंत बोलत. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें घरोघरीं आले; पुस्तक न वाचलेल्या माणसासही त्यांची ओळख झाली. मुलांकरितां ‘किलबिल’ होती.

या सर्वांत एका कार्यक्रमाचा आम्ही मुद्दाम उल्लेख करितों. तो म्हणजे आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’. पाहणाऱ्यानें नुसतें पाहून उठून जाऊं नये, पाहिलेल्या गोष्टीवर बोलावें, चारजणांनीं मिळून आपल्या गांवीं कांहीं करावें, ही त्यामागची दृष्टि होती. म्हणून प्रेक्षकांनीं ठिकठिकाणीं ज्ञानदीप मंडळें स्थापिलीं. यंत्रानें लावलेला दिवा लोकांनीं हातीं घेऊन पुढें नेला, असें हें उदाहरण आहे. आपल्या धर्मग्रामांतही प्रभुशब्द ऐकून लहान लहान समूहांत त्याचें मनन करण्याची जी पद्धति आहे तिच्याशीं याचें नातें आम्हांस स्पष्ट दिसतें. बीज पेरणारा एक, जमीन अनेकांची. आणि पीक यावयाचें तें जमिनींत, पेरणाऱ्याच्या पाटींत नव्हे.

आम्हां मराठी कॅथोलिकांस या केंद्राचें आणखी एक ऋण आहे, तें भाषेचें. भिवंडी हें अनेक भाषांचें गांव. येथें मराठी आहे, उर्दू व हिंदी आहे, मागावर काम करणाऱ्यांची तेलुगु आहे. आणि आपल्या मंदिरांत तर याहूनही अधिक भाषांत प्रभूची स्तुति होते. अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलास शुद्ध व गोड मराठी ऐकावयास मिळण्याचीं स्थानें थोडीं. तें काम या केंद्रानें कित्येक वर्षें एकाही घराकडून शिकवणीचें वेतन न घेतां केलें. मराठी ही आमच्या धर्माची उसनी भाषा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं मराठी ओव्यांत छापून प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत जन्मलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूस जर ही भाषा आपलीशी करावीशी वाटली, तर तिच्याच मांडीवर वाढलेल्या आम्हीं ती टाकावी हें शोभत नाहीं.

परंतु हिशेब लिहावयाचा तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. हें केंद्र आरंभीं आकाशवाणीचाच भाग होतें; ता. १ एप्रिल १९७६ रोजीं दूरदर्शन हें स्वतंत्र खातें झालें. तथापि खातें वेगळें झालें तरी धनी एकच होता, आणि तो सरकार होय. सन १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांत वृत्तपत्रांवर नियंत्रण आलें, मग सरकारच्याच हातीं असलेल्या दूरदर्शनची काय कथा! जें सांगावयास नको तें सांगितलें गेलें नाहीं, आणि जें सांगणें सोयीचें तेंच सांगितलें गेलें. पुढें बऱ्याच चर्चेअंतीं, ता. २३ नोव्हेंबर १९९७ रोजीं, प्रसार भारती या स्वायत्त मंडळाकडे हा कारभार आला. मनोरा कितीही उंच बांधिला तरी सत्याची उंची त्याला आपोआप येत नाहीं. ती माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीनेंच आणावी लागते, हा धडा त्या वर्षांनीं दिला.

सन १९८२ हें वर्ष या इतिहासांतील मोठें वळण होय. त्या वर्षीं ता. १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, चित्रांत रंग आले, आणि नोव्हेंबरांत दिल्लीस भरलेले आशियाई खेळ देशानें रंगांत पाहिले. रंग आले ही आनंदाची गोष्ट. परंतु रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली आणि मुंबई केंद्राच्या मराठीस संध्याकाळच्या तासांत अंग चोरून बसावें लागलें. पुढें १९८७-८८ मध्यें रामानंद सागर यांचें ‘रामायण’ व त्यामागून बी. आर. चोप्रा यांचें ‘महाभारत’ रविवारीं सकाळीं दाखविलें जाऊं लागलें. रविवारची सकाळ म्हणजे आपल्या उपासनेची वेळ; त्या दिवसांत रस्ते कसे ओस पडत हें वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तथापि त्या मालिकांतून एक बोध घेण्याजोगा आहे. ‘महाभारता’चे संवाद राही मासूम रझा या मुसलमान लेखकानें लिहिले होते. एका धर्माची पवित्र कथा दुसऱ्या धर्मांतील लेखकाच्या लेखणींतून उतरली आणि तिसऱ्या धर्माच्या आम्हीं ती आवडीनें पाहिली. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा आदर कसा करावा, हें यापेक्षां सोप्या रीतीनें कोण शिकविणार?

त्यापुढचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों, कारण तो आपणां सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला आहे. सन १९९१ नंतर उपग्रहावरून परदेशी व खासगी वाहिन्या आल्या; गल्लोगल्लीं केबलच्या तारा ओढल्या गेल्या आणि गच्चीवरील ॲल्युमिनिअमच्या फण्या हळूहळू गंजून गेल्या. सन १९९४ मध्यें दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी निघाली. तिला २००० सालीं ‘सह्याद्री’ हें नांव मिळालें. ती आजही चालू आहे. मात्र जुन्या पद्धतीचीं भूप्रक्षेपणकेंद्रें प्रसार भारतीनें गेल्या कांहीं वर्षांत टप्प्याटप्प्यानें बंद केलीं. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे असलेले ॲंटेना आतां भिवंडींत शोधूनही सांपडावयाचे नाहींत.

या नवीन शक्तीविषयीं ख्रिस्तसभेनें काय म्हटलें, हें आतां पाहूं. कित्येकांची अशी समजूत आहे कीं, ख्रिस्तसभा नव्या यंत्रांस भिते. इतिहास याच्या उलट सांगतो. ता. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप अकरावे पायस यांनीं व्हॅटिकन रेडिओ सुरू केला. तो उभारण्याचें काम खुद्द मार्कोनीनें केलें. सन १९५७ मध्यें, म्हणजे दिल्लीच्या प्रयोगाच्याही दोन वर्षें आधीं, बारावे पायस यांनीं चित्रपट, रेडिओ व दूरदर्शन यांविषयीं परिपत्रक काढिलें. पुढें ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें संपर्कसाधनांविषयीं स्वतंत्र हुकूमनामा प्रसृत केला, आणि १९६७ पासून दरवर्षीं जागतिक संपर्कदिन पाळला जाऊं लागला. या सर्व शिकवणुकीचें सार एवढेंच कीं, हीं साधनें ईश्वरानें मनुष्यास दिलेल्या बुद्धीचीं फळें आहेत. त्यांचा उपयोग माणसें जोडण्याकडे व्हावा, आणि पाहणाऱ्यानें विवेकानें निवड करावी.

याच बाराव्या पायस यांनीं १९५८ सालीं आसिसीची संत क्लारा हिला दूरदर्शनची आश्रयदाती संत म्हणून घोषित केलें. ही निवड का झाली तें ऐका. सन १२५२ च्या नाताळच्या रात्रीं संत क्लारा आजारानें अंथरुणास खिळलेली होती. मठांतील इतर भगिनी उपासनेस गेल्या. ती एकटीच मागें राहिली. तेव्हां तिच्या अंतःकरणाच्या व्याकुळतेस उत्तर म्हणून, दूर संत फ्रान्सिसच्या मंदिरांत चाललेली उपासना तिला आपल्या खोलींत दिसली व ऐकूं आली, अशी परंपरा सांगते. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हें दर्शन आळशास झालें नाहीं, आजाऱ्यास झालें. जिचे पाय मंदिराकडे धांवत होते परंतु देह उठत नव्हता, तिच्याकरितां मंदिर तिच्यापाशीं आलें. दूरदर्शनवरील पवित्र मिस्सा कोणाकरितां आहे, या प्रश्नाचें उत्तर या एका कथेंत आलें.

आपल्या आयुष्यांतील तीन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. सन १९६४ च्या डिसेंबरांत पोप सहावे पॉल हे युखारिस्तिक महापरिषदेकरितां मुंबईस आले. तेव्हां मुंबईस दूरदर्शन नव्हतें. ज्यास त्यांना पाहावयाचें त्यानें आगगाडींत बसून, गर्दींत उभें राहूनच पाहावयाचें. सन १९८६ च्या फेब्रुवारींत पोप दुसरे जॉन पॉल मुंबईस आले, शिवाजी पार्कवर मिस्सा झाली. त्या वेळीं मुंबई केंद्र तेरा वर्षांचें झालें होतें, तरीही माणसांनीं मैदान फुलून गेलें. आणि तिसरा प्रसंग ता. २७ मार्च २०२० चा. करोनाच्या साथींत जगभरचीं मंदिरें बंद होतीं. पोप फ्रान्सिस, जे २०२५ सालीं प्रभूच्या घरीं गेले, ते रोमच्या संत पेत्राच्या चौकांत पावसांत एकटे उभे होते. चौक रिकामा होता आणि जगांतील असंख्य घरें पडद्यापुढें गुडघे टेकून बसलीं होतीं. त्या रात्रीं आपण सर्वच संत क्लारेच्या खोलींत होतों.

त्या दिवसांत आम्हीं स्वयंपाकघरांतील टेबलावर भ्रमणध्वनि उभा करून मिस्सा पाहिली, आणि त्याबद्दल आम्ही देवाचे आभारी आहों. परंतु साथ ओसरली, मंदिरांचीं दारें उघडलीं, तरी कांहीं बांक रिकामेच राहिले. धडधाकट माणसासही अंथरुणांतून मिस्सा पाहणें सोयीचें वाटूं लागलें. येथें ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: आजाऱ्यास व वृद्धास पडद्यावरील उपासना मोठाच आधार आहे, परंतु ख्रिस्तप्रसाद पडद्यांतून हातावर येत नाहीं, आणि शांतीची खूण करावयास शेजारीं माणूस लागतो. भाकरीचें चित्र पाहून कोणाची भूक भागली आहे?

आतां आमच्या गांवाकडे वळूं. भिवंडीनें १९७० च्या मे महिन्यांत दंगल पाहिली. तेव्हां दूरदर्शन येथें आलें नव्हतें. सन १९८४ च्या मे महिन्यांत पुन्हां पाहिली. तेव्हां दूरदर्शन आलेलें होतें. म्हणजे दूरचें दाखविणाऱ्या यंत्रानें जवळच्या माणसांचीं मनें आपोआप जुळत नाहींत, हें या गांवानें रक्त सांडून जाणलें आहे. मग काय उपयोगी पडलें? सन १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनीं येथें मोहल्ला समित्यांचा उपक्रम चालविला. निरनिराळ्या धर्मांच्या साध्या माणसांनीं ठराविक दिवशीं एकत्र बसावें, एकमेकांचीं गाऱ्हाणीं ऐकावीं, अफवा उठली तर ती शेजाऱ्यास विचारून पारखावी, एवढीच ती रीत. आणि १९९२-९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. ही शांति कोणत्याही मनोऱ्यावरून प्रक्षेपित झाली नव्हती. ती चटईवर मांडीस मांडी लावून बसल्यानें आली होती. आज अफवा पूर्वींसारखी पायीं चालत येत नाहीं. ती हातांतल्या पडद्यावर निमिषांत येते. म्हणून ती चटई आज अधिकच हवी.

बंधुभगिनींनो, आतां वहीची बेरीज करूं. मुंबई केंद्राचें आमच्याकडे येणें आहे तें कृतज्ञतेचें: त्यानें भाषा दिली, ज्ञान दिलें, शुद्ध करमणूक दिली, आजाऱ्याच्या उशाशीं सोबत दिली. आमचें त्या पाहुण्याकडे येणें आहे तें वेळेचें व शेजाराचें. आणि हें येणें तो आपण होऊन फेडणार नाहीं, आम्हांसच वसूल करून घ्यावें लागेल. याकरितां महोत्सवाच्या या वर्षीं तीन गोष्टी आपण मिळून कराव्या, अशी आमची विनंति आहे. पहिली, दररोज जपमाळेच्या वेळीं घरांतील सर्व पडदे अर्धा तास बंद असावे. लहानांचे आणि मोठ्यांचेही. दुसरी, पडद्यावर मिस्सा पाहणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याच्या घरीं धर्मग्रामांतून कोणीतरी दर रविवारीं जावें, आणि आपल्या गुरुजनांकरवीं त्याला ख्रिस्तप्रसाद पोंचतो कीं नाहीं हें पाहावें. तिसरी, महिन्यांतून एकदां तरी आळींतील अन्य धर्मांच्या एका कुटुंबास आपल्या घरीं बसावयास बोलवावें, जसें पूर्वीं एका संचाभोंवतीं बसत होतों तसें. संच लावावाच असें नाहीं.

दूरदर्शन हा शब्द सुंदर आहे. परंतु आपल्या प्रभूनें आम्हांस निकटदर्शनाची आज्ञा दिली आहे. मी भुकेला होतों, मी परका होतों, मी आजारी होतों, असें जेव्हां तो शेवटच्या दिवशीं म्हणेल, तेव्हां आम्हीं दूरचें काय पाहिलें हें तो विचारणार नाहीं. जवळ जो उभा होता त्यास पाहिलें कीं नाहीं, एवढेंच विचारील. त्या दिवशीं उत्तर देतांना आमचीं मुखें खालीं जाऊं नयेत, अशी कृपा प्रभु येशू ख्रिस्त आपल्या पवित्र मातेच्या मध्यस्थीनें या धर्मग्रामावर करो. आमेन.